पाल, राहुटी, तंबू

'ग्लॅम्पिंग' हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात २०१६ साली दाखल झाला. 'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' या दोन शब्दांची ती सांधजोड आहे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीची ओक-बर्चची राई असते. त्या राईत जाड कापडाचा, घंटेच्या आकाराचा तंबू उभारायचा. आत खरा पलंग, लोकरीची पांघरुणे, लाकडे जाळण्याची लोखंडी शेगडी. बाहेर फळ्यांचा ओटा आणि जमल्यास गरम पाण्याचा हौद. मग लंडनहून आलेल्या जोडप्याला तिथे दोन रात्री राहू द्यायचे आणि बऱ्या हॉटेलाइतके भाडे घ्यायचे. जोडपे खूश होऊन परतते. त्यांनी निसर्गात रात्र काढलेली असते आणि पाठही दुखत नसते.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे आणि ती इंग्लंडात पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरात राहणाऱ्या माणसाला तर ती थट्टा शोभणारही नाही. २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्या नोंदवलेले हे शहर; उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून जंगल रोज दिसते आणि तिथे रात्री मुक्काम करण्याची सोय जवळपास नसते. तेव्हा शनिवारी पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला जाऊन भाड्याच्या तंबूत झोपावेसे वाटणे यात हास्यास्पद काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. रानात, कापडाच्या छपराखाली, रात्र काढणे ही एकच कृती आहे. पण ती कधी वैभव असते, कधी सरकारी कामकाज असते, कधी सुट्टी असते आणि कधी गुन्हा असतो. हे कोण ठरवत आले?

मराठी भाषेने याचे उत्तर शब्दांतच साठवून ठेवले आहे. कापडाच्या घराला आपल्याकडे एकच एक शब्द नाही. शामियाना, डेरा, तंबू, राहुटी, पाल असे अनेक आहेत आणि ते समानार्थी नाहीत. शामियान्यात भेटी होतात, डेऱ्यात सरदार उतरतो, राहुटीत शिपाई झोपतो, तंबू साहेबाचा किंवा सर्कशीचा. आणि पाल? पाल भटक्यांचे. 'साहेबाचे पाल' असे मराठीत कोणी म्हणत नाही आणि 'कैकाड्यांचा शामियाना' असेही म्हणत नाही. कापड, काठी, दोरी आणि खुंटी पाचही ठिकाणी आहेत. शब्द बदलतो तो आत कोण झोपले आहे यावरून.

रानातला आलिशान तंबू ही कल्पना आपल्याला इंग्लंडकडून शिकण्याची गरज नव्हती. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध तंबू असाच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी, जावळीच्या निबिड अरण्यात, अफजलखानाच्या भेटीसाठी उभारलेला. त्याची सजावट इतकी भारी होती की शहाजीच्या मुलाकडे हे एवढे आले कुठून, असे वाटून खान मनात जळला, असे सभासदाच्या बखरीत आले आहे. पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्या प्रसंगात तंबूचे काम काय होते हे पाहण्यासारखे आहे. जंगल यजमानाच्या ओळखीचे होते, पाहुण्याच्या नव्हे. मोत्यांच्या झालरी लावून त्या अनोळखी रानाला पाहुण्यासाठी ओळखीचे रूप दिले गेले होते. आलिशान तंबू नेहमी हेच करतो: आत गेले की बाहेर रान आहे याचा विसर पडतो. खानाला तो विसर महागात पडला.

मोगलांनी तर तंबूचे शास्त्रच केले होते. फ्रेंच प्रवासी बर्निए औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला निघाला होता. बादशाहाच्या तंबूंचे दोन संच असत, हे त्याने लिहून ठेवले आहे. एका संचात बादशाह झोपलेला असे तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. म्हणजे बादशाह दिवसभर प्रवास करी आणि संध्याकाळी त्याच घरात पोहोचे. १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघालेला औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. त्यातली बरीच वर्षे त्याची राजधानी कापडाचीच होती. संताजी घोरपडे यांनी तुळापूरच्या छावणीत शिरून बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले, ही कथा मराठी मुलखात इतकी प्रिय का झाली, हे यावरून कळते. किल्ल्याचा बुरूज पाडण्याइतकाच तो अपमान होता.

मराठी फौजांनीही पुढे हीच रीत उचलली. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत दिसते ते एक चालते शहर आहे. बाजार, सावकार, भांडणे, सणवार सगळे त्यात आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण गरिबाला लावतो. पण त्या काळातले सर्वांत मोठे बिऱ्हाड सत्ताधीशांच्या पाठीवर होते. अर्थात, पाठ दुसऱ्याची.

ही पाठ कोणाची, हा प्रश्न इंग्रजी अमलात अधिक स्पष्ट होतो, कारण तेव्हापासूनचे कागद आपल्यापाशी आहेत.

साष्टी बेट, म्हणजे ज्याच्या वायव्य कोपऱ्यात आजचे मीरा-भाईंदर वसले आहे ते, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेले. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला होता, तोही त्यात आला. पुढे हा सगळा मुलूख ठाण्याच्या कलेक्टराच्या अखत्यारीत होता. कलेक्टर हा अधिकारी वर्षातले काही महिने कचेरीत बसत नसे. पावसाळा सरला, भाते कापून झाली, की तो दौऱ्यावर निघे आणि उन्हाळ्यापर्यंत तंबूतून कारभार करी. मोगलांची दोन संचांची पद्धत इंग्रज अधिकाऱ्यांनी जशीच्या तशी उचलली. साहेब एका आमराईत न्याहारी करीत असता पुढच्या आमराईत त्याचा दुसरा तंबू उभा राहत असे. गव्हर्नर जनरल ऑकलंडच्या १८३७ साली निघालेल्या दौऱ्यात सुमारे १२,००० माणसे होती, असे त्याची बहीण एमिली ईडन लिहिते. कलेक्टराचा लवाजमा त्याच्या तुलनेत किरकोळ. पण गावाच्या मानाने तोही थोडा नव्हता. बैलगाड्या, सरपण, दूध, कोंबड्या, वैरण, पाणी भरायला माणसे, तंबूच्या मेखा ठोकायला माणसे. याला रसद म्हणत. साहेब पैसे देतही असेल, पण ते गावकऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत किती हात लागत, हे सर्वांना ठाऊक होते. आणि माणसे पुरवायची ती वेठीने. वेठबिगार हा शब्द आपण आज जवळजवळ अलंकारासारखा वापरतो. ठाणे जिल्ह्यातल्या वारली, कातकरी, ठाकर माणसांसाठी तो अलंकार नव्हता. जमीनदार, जंगलाचा ठेकेदार आणि सरकारी शिपाई अशा तिघांसाठी ती राबत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात ही वेठ नोंदवली आहे आणि १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी ती मोडली कशी, हे गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे.

तंबूतल्या कलेक्टराचे एक चित्र महात्मा फुल्यांनीही १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ठेवले आहे. तिथे आपण तंबूच्या आत नसतो. आपण साहेबाच्या मुक्कामावरून निराश होऊन परतणाऱ्या शेतकऱ्याबरोबर असतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या आठवणींतील सुखाची पाने वाचताना (आणि ती खरोखर सुखाची आहेत: थंडीतल्या सकाळी, शिकार, शेकोट्या, चांदणे) फुल्यांचा तो माणूस शेजारी उभा करून वाचावे. दोघेही एकाच आमराईतले आहेत.

माथेरानचा 'शोध' याच तंबूतून लागला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावी मुक्कामाला होता. समोर डोंगर दिसला, तो चढून गेला, माथ्यावर गर्द झाडी आणि गार हवा पाहून हरखला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा राहायला आला. काही वर्षांत तिथे बंगले झाले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाची छोटी आगगाडी वर पोहोचली. इतिहासाच्या पुस्तकांत हे 'शोध लागला' असे लिहिले जाते. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकर आणि कातकरी राहतच होते आणि मॅलेट ज्या वाटेने गेला ती वाट कोणीतरी पावलांनी पाडलेली होती. पण ते तिथे 'राहत' होते. मॅलेट तिथे 'मुक्कामाला' होता. या दोन क्रियापदांतले अंतर पुढे कायद्याचे झाले.

तो कायदा म्हणजे १८७८ चा वन कायदा. त्याने जंगलाचे राखीव व संरक्षित असे वर्ग केले आणि राखीव जंगलात पूर्वापार चालत आलेल्या बहुतेक गोष्टी परवानगीशिवाय केल्यास अपराध ठरवल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यातून जो संघर्ष उभा राहिला तो प्रामुख्याने राबाचा. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी झाडांचे टाहाळ, पाला, शेण अंथरून जमीन भाजायची, याला राब म्हणतात. टाहाळ जंगलातून येत. ते तोडण्यावर बंदी म्हणजे भातावर बंदी. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. एका फांदीवरून सरकारला आयोग नेमावा लागतो, यावरून त्या फांदीची किंमत समजावी. याच काळात, याच जंगलात, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याचा तंबू उभा करण्यासाठी जागा साफ केली जाई आणि शेकोटीसाठी लाकूड आणले जाई. त्याला अपराध म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसेल. १९३० च्या सप्टेंबरात उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे मेली, त्यामागे अशी पन्नास वर्षे होती.

आता हे तंबू शिवत कोण होते, ते पाहू. जबलपूर (१८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा) येथे १८३० च्या दशकाच्या अखेरीस कंपनी सरकारने एक उद्योगशाळा काढली. ठगीच्या मोहिमेत पकडलेले आणि माफीचे साक्षीदार झालेले लोक आणि त्यांची मुले तिथे कामाला ठेवली होती. तिथे गालिचे विणले जात आणि तंबू शिवले जात. वाटेवर हिंडणारा माणूस म्हणजे संशयित, हा विचार ठगी प्रकरणातून सरकारी डोक्यात पक्का बसला. मग त्या माणसाला एका जागी कोंडून त्याच्याकडून, ज्यांना हिंडण्याचा अधिकार आहे त्यांच्यासाठी, तंबू शिवून घेतले गेले. एखाद्या कादंबरीकाराने हे कल्पिले असते तर आपण त्याला भडकपणाबद्दल दोष दिला असता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. सुरुवातीला तो उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. पाल टाकून राहणाऱ्या कित्येक जमातींना हजेरी लावणे, गाव सोडताना परवाना घेणे, काहींना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड राहणे भाग पडले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण पालावरची वहिवाट इतक्या सहज बदलत नाही. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या 'उपरा'मध्ये कैकाडी कुटुंबाचे गाढवावरचे बिऱ्हाड गावोगाव फिरते. त्या पुस्तकातला भटकंतीचा अनुभव आणि आपल्या सहलींचा अनुभव यांत हवा, पाऊस, चूल, चांदणे ही सामग्री सामाईक आहे. फरक इतकाच की पालातल्या माणसाला उद्या इथे राहू देतील की नाही हे माहीत नसते. भाड्याच्या तंबूतल्या माणसाला चेक-आउटची वेळ माहीत असते.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे वसाहतीचे पाप. खुद्द इंग्लंडच्या हिरव्या रानात अशी काही भानगड नसावी. ती आहे, आणि जवळजवळ याच साच्याची.

१८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे एक लोकप्रिय लेखक होते ते, 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी बनवून घेतली आणि तीतून ब्रिटनभर हिंडले. बरोबर गाडीवान आणि नोकर होता. हौसेची पहिली घरगाडी म्हणून तिचा मान आहे. अशा गाड्यांत जिप्सी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि नेमक्या त्याच दशकात त्यांच्या गाड्यांची नोंदणी व तपासणी करावी अशी विधेयके पार्लमेंटात येत होती. ती मंजूर झाली नाहीत, ही गोष्ट वेगळी. पुढे टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने हलके तंबू बेतून सायकलवरच्या मध्यमवर्गाला रानात नेले. १९०८ चे त्याचे 'कॅम्पर्स हँडबुक' या छंदाचा मूळ ग्रंथ मानला जातो. होल्डिंगच्या वाटेने गेलेल्यांना रानाची खरी ओढ होती, त्यांत दिखावा नव्हता, हे नमूद केले पाहिजे. पण रान बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी मालकीचे होते. १९३२ मध्ये किंडर स्काउट या डोंगरावर मजुरांनी सामूहिक घुसखोरी केली आणि त्यांतले पाच जण तुरुंगात गेले, ते केवळ चालण्याच्या हक्कासाठी.

मेंढपाळाच्या झोपडीची कथा तर फारच बोलकी आहे. टॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या १८७४ च्या कादंबरीत गेब्रिएल ओक चाकांवरच्या अशाच खोपटात झोपतो आणि झरोके बंद राहिल्याने धुराने गुदमरून मरता मरता वाचतो. कोकरे जन्मण्याच्या दिवसांत रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाची ती लोखंडी-लाकडी खोली. २०१७ मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी आत्मचरित्र लिहिण्यासाठी तशीच एक नवीकोरी झोपडी २५,००० पौंडांना विकत घेतली. आज ग्लॅम्पिंगच्या जाहिरातींत ही झोपडी तंबूच्या बरोबरीने असते. २०२३ पासून इंग्लंडमध्ये शेतकऱ्याला वर्षातून ६० दिवस, ५० तंबूंपर्यंतचा तळ नियोजन परवानगीच्या मोठ्या खटाटोपाशिवाय चालवता येतो. शेतीच्या उत्पन्नाला त्याचा हातभार लागतो आणि त्यात गैर काही नाही.

मात्र त्याच देशाने २०२२ च्या पोलीस कायद्यात एक नवा अपराध घातला: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर वाहनात किंवा वाहनासह वस्ती करणे, त्यातून मोठे नुकसान वा त्रास होणे, आणि सांगूनही न हटणे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद. वाहन, म्हणजे अर्थातच घर, जप्त. रोख कोणावर होता हे जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजाला न सांगता कळले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातली पुन्हा परतण्यावरची बारा महिन्यांची बंदी मानवी हक्कांशी विसंगत ठरवली.

आणि डार्टमूर. दक्षिण-पश्चिम इंग्लंडमधल्या या उजाड माळावर १९८५ च्या कायद्याने लोकांना 'मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी' पायी व घोड्यावरून जाण्याचा हक्क दिला आहे. पाठीवर तंबू घेऊन एक रात्र राहण्याची रीत तिथे जुनी. एका जमीनमालक दांपत्याने न्यायालयात विचारले: झोप हा विरंगुळा आहे काय? जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालय म्हणाले, नाही. तंबूतली झोप ही विरंगुळ्याचा भाग नव्हे. त्याच वर्षी जुलैत अपील न्यायालयाने ते फिरवले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की तंबू ठोकून रात्र काढणे हाही त्या हक्काचाच भाग आहे. हा निकाल वाचताना गंमत वाटते आणि थोडी अस्वस्थताही. इंग्लंडमधल्या कायदेपंडितांना दोन-अडीच वर्षे या प्रश्नावर खल करावा लागला की दमलेल्या माणसाने माळावर डोळे मिटले तर तो अजून सहलीत आहे की घुसखोर झाला आहे. पैसे भरून आलेल्या ग्लॅम्पिंगवाल्याच्या झोपेबद्दल असा प्रश्न कोणीच विचारत नाही. त्याची झोप खरेदी झालेली असते.

आता आपल्या खिडकीतल्या डोंगराकडे येऊ. इथे रानात राहण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी म्हणजे खडकातल्या निवासी खोल्याच: निजायला दगडी ओटा, दाराशी पाण्याची पोढी. तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक अशा ठिकाणच्या दात्यांची नावे आहेत. व्यापाऱ्याने पैसे दिले आणि भिक्खू झोपला. पैसे देणारा एक आणि रानात झोपणारा दुसरा, ही व्यवस्था ग्लॅम्पिंगच्या नेमकी उलट आहे. आणि ती हजारेक वर्षे टिकली, एवढीच नोंद जाता जाता.

त्याच जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. काशीमिऱ्याकडे माशाचा पाडा, डाचकुल पाडा ही नावे मीरा-भाईंदरकरांच्या कानावरची आहेत. तिथली माणसे बिबट्याबरोबर राहायला शिकलेली आहेत. वाघोबाची पूजा आणि अंधार पडल्यावर कोणत्या वाटेने जायचे नाही याचे ज्ञान ही दोन्ही एकाच शिक्षणाची अंगे आहेत. (इंग्लंडच्या राईतल्या पाहुण्याला रात्री फार तर घुबड ऐकू येते. आपल्या डोंगरात घंटेच्या आकाराचा तंबू लावून दिव्यांची माळ सोडणाऱ्याला कोण ऐकू येईल, याचा विचार हौशी मंडळींनी करावा.) उद्यानातल्या अतिक्रमणांविरुद्ध १९९५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने याचिका केली आणि मे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असलेल्यांना ७,००० रुपये भरून उद्यानाबाहेर पुनर्वसन मिळायचे होते. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. या डोंगरातल्या विहार आणि तुळशी तलावांचे पाणी मुंबई दीडेक शतक पीत आहे. परंतु शहरातून येऊन झोपडी बांधलेला आणि उद्यान होण्यापूर्वीपासून पाड्यावर असलेला, हे दोघे 'अतिक्रमण' या एका शब्दात बसवले गेले आणि पाड्यांना आपण त्या शब्दाबाहेर आहोत हे पुढे वर्षानुवर्षे सिद्ध करत बसावे लागले. आणखी एक शब्द, आणखी एकदा कोण झोपते यावरून.

सप्ताहान्ताला आपण जिथे जातो त्या पवनेकाठीही गोष्ट फार निराळी नाही. धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांतल्या अनेकांचे पुनर्वसन रखडले. त्या पाण्याची बंद जलवाहिनी पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. काठावर ओळीने उभे असलेले रंगीत तंबू काही त्या भागातल्याच पोरांनी लावलेले असतात. बाप धरणग्रस्त आणि मुलगा तंबूवाला, हे एका पिढीचे संक्रमण मराठी कथेत यायला हवे होते. माझ्या वाचनात तरी अजून आलेले नाही. तो मुलगा बार्बेक्यूचे कोळसे पेटवून देतो, गिटारवाल्याला वीज जोडून देतो, आणि पाहुणे झोपल्यावर घरी जातो, की बाहेरच चटई टाकतो?

२००६ च्या वनाधिकार कायद्यातला पहिलाच हक्क जंगलजमीन धारण करून तिथे राहण्याचा आहे आणि तो राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. कोणता पुरावा चालेल, हे नियमांत दिले आहे: सरकारी कागद, पावत्या, घराच्या वा झोपडीच्या खुणा, देवस्थाने, दफनभूमी. आणि हे काहीच नसेल तर गावातल्या, दावेदार सोडून इतर, वडीलधाऱ्या माणसांनी तोंडी सांगितलेले आणि कोणीतरी लिहून घेतलेले निवेदनही त्यात मोजले जाते.